कोरोनातले कच्चे राहिलेले धडे आणि दहावी-बारावीनंतरची तयारी : या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च २०२६ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेली मुले २०२०-२१ मध्ये पाचवीत होती आणि पुढच्या वर्षी सहावीत. बारावीची मुले तेव्हा सातवी-आठवीत होती. अपूर्णांक, पूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण याच इयत्तांत शिकवले जाते आणि ते अनेकांनी मोबाईलच्या पडद्यावर जेमतेम पाहिले. तेव्हाच्या प्रगतिपुस्तकात हे दिसले नाही. दिसते ते आत्ता, बीजगणितात, सीईटीत किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये.

दुखणे सहावीचे, औषध दहावीचे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दोन चलांतील रेखीय समीकरणे चुकली की मुलाला तशीच आणखी दहा उदाहरणे दिली जातात. खरे तर रीत त्याला येत असते. वजाबाकी करताना खालच्या समीकरणातली सगळी चिन्हे बदलायची असतात, तिथे तो एकच चिन्ह बदलतो. दहावीच्या बीजगणितातल्या अर्थनियोजनाच्या धड्यातही तेच. जीएसटीसह किंमत १,१८० रुपये, दर १८ टक्के, मूळ किंमत काढा म्हटले की १,१८० चेच १८ टक्के वजा करून ९६७.६० लिहिले जाते. उत्तर १,००० आहे, कारण कर मूळ किमतीवर लागतो आणि १,१८० म्हणजे मूळ किमतीचे ११८ टक्के. इथे जीएसटी नव्हे, शेकडेवारी अडते.

उपाय साधा आहे. बालभारतीचे सहावीचे गणिताचे पुस्तक घ्या. ते बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पूर्णांक, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी यांची प्रत्येकी ५ अशी २० उदाहरणे, वेळ ३० मिनिटे, कॅल्क्युलेटर नाही. चुकलेल्या उदाहरणाशेजारी कारण लिहायचे : चिन्ह, छेद, दशांशचिन्ह की पाढा. पाचांपैकी दोनपेक्षा जास्त चुकली तर त्या धड्याला दोन आठवडे रोज १५ मिनिटे द्या आणि नवी उदाहरणे घेऊन पुन्हा तपासा. दहावीत सहावीचे पुस्तक उघडायची लाज मुलापेक्षा पालकांनाच जास्त वाटते, असे दिसते.

तुकड्यातुकड्याने सराव

ऑनलाइन चाचण्यांत पर्यायावर बोट ठेवले की काम भागायचे, त्यामुळे लिहिण्याचा वेग बसलाच नाही. ८० गुणांच्या तीन तासांच्या पेपरात तपासायला १५ मिनिटे ठेवली तर गुणामागे साधारण दोन मिनिटे मिळतात. अर्धा पेपर सोडवून वेग कळत नाही, कारण हात मंदावतो तो दुसऱ्या तासानंतर. आठवड्यातून एक पूर्ण पेपर, एका बैठकीत, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

सीईटीसाठी फक्त बारावी

बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्याची एमएचटी-सीईटी परीक्षा असते. तीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. प्रत्येकी २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुले प्रश्न कोरे सोडतात. शेवटची तीन मिनिटे उरलेल्या प्रश्नांचे पर्याय निवडायला राखून ठेवा.

‘मार्क कमी, म्हणून आयटीआय’

या हिशेबाने ट्रेड निवडला की पहिल्या सहामाहीतच फसगत होते. फिटरच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर ०.०२ मिमीपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ मिमीपर्यंत. दशांशस्थळे डोक्यात पक्की नसतील तर जॉब, म्हणजे बनवायला दिलेला भाग, वाया जातो. उलट दोन वर्षांचा आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसते. विकल्प भरण्याआधी संस्थेत जाऊन दोन गोष्टी विचारा : मशीन चालू किती आहेत आणि गेल्या वर्षी कोणत्या कंपन्यांनी ॲप्रेंटिस घेतले?

पसंतीक्रम आणि कागदपत्रे

२०२५ च्या अकरावी प्रवेशात १० महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येत होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर जात होता. म्हणून ‘बघू तरी मिळते का’ असे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नका. रोजचा प्रवास आणि फी झेपेल तेच तिथे लिहा.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत आधी बघा. जात पडताळणीला महिने लागतात, तेव्हा तो अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करा. कोरोनाकाळात शाळा बदलली असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का पाहा. बोर्डाची प्री-लिस्ट (परीक्षार्थींच्या तपशिलांची तपासणीसाठी आलेली यादी) शाळेत आली की सही करण्याआधी आईचे नाव आणि जन्मतारीखही वाचा.

हक्काचा पैसा विसरणे

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती. केंद्राच्या ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’मध्ये १८ व्या वर्षापासून मासिक विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळतात. यातली काही मुले आता अठराच्या आसपास आहेत. फीसाठी कर्ज काढण्याआधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुलाची नोंद तपासून घ्या. एकच पालक गेला असेल आणि मूल अठराच्या आत असेल, तर तिथेच बालसंगोपन योजनेचीही चौकशी करा.