जर्मनीच्या गाडीवाल्या संशोधकांवर प्रोजेक्ट कसा करायचा

हा विषय मिळाला की बहुतेक जण नाव, जन्म, मृत्यू, शोध असा तक्ता करून मोकळे होतात आणि वाचणारा तिसऱ्या ओळीला जांभई देतो. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढं एवढंच लिहा, ह्या माणसाचं नेमकं अडलं कुठं होतं? तिथून पुढं लिहायला आपोआप सुचतं.

सुरुवात कार्ल ड्राइसपासून करा, १८१७, मानहाइम. दोन लाकडी चाकं, पुढचं वळवता येणारं, पेडल नाहीच, पायानं जमीन ढकलत जायचं. मग निकोलाउस ऑटो ह्या संशोधकाचं १८७६ चं फोर स्ट्रोक इंजिन. चालायचं मस्त पण एका जागी बसवायचं धूड. डाइमलर आणि मायबाखनं तेच तत्त्व हलक्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनात आणलं आणि १८८५ ला लाकडी दुचाकीवर चढवलं. बेंझनं तिकडं वेगळ्यानं तीनचाकी बनवली, पेटंटचा अर्ज २९ जानेवारी १८८६, नंबर ३७४३५.

आता बेर्था बेंझला भरपूर जागा द्या, खरंच. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन बाई गाडीनं थेट माहेरी निघाली, मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभरेक किलोमीटर, पंप वगैरे काही नव्हते म्हणून वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली म्हणून पुढं जादा गिअर आला. टेस्ट ड्राइव्ह म्हणतात ती हीच!

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन समजावताना आकृती काढाच. ठिणगी नाही, हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटतं. १८९७ चं इंजिन चांगलंच जड होतं, त्यामुळं ते आधी कारखान्यात न् जहाजात गेलं, कारमध्ये बऱ्याच उशिरा.

"पहिला" हा शब्द जपून वापरा. फ्रान्समध्ये कुन्योची वाफेवरची गाडी १७६९ चीच आहे, म्हणून बेंझसाठी नुसतं "पहिली गाडी" लिहू नका, पेट्रोल इंजिनाचं स्पष्ट लिहा. सीमेन्सची बर्लिनमधली विजेची रेल्वे, १८७९, दोन ओळीत उरकली तरी चालेल. जागा उरली तर लिलिएन्थालचे ग्लायडर टाका, राइट बंधूंनी त्याचे आकडे अभ्यासले होते.