कांद्याच्या सालीची काचपट्टी: या चुका टाळा

शाळेच्या प्रयोगशाळेत पेशी पाहायची पहिली काचपट्टी बहुतेक कांद्याचीच असते, आणि बहुतेकांची ती पहिल्यांदा बिघडते. सूक्ष्मदर्शक जुना असल्याची तक्रार करण्याआधी आपली काचपट्टी तपासा.

सुरुवात सालीपासून. वरचं वाळलेलं, कागदासारखं टरफल घेऊ नका. आतली मांसल पाकळी मोडा आणि तिच्या आतल्या, खोलगट बाजूची पातळ पारदर्शक साल चिमट्याने ओढा. ती लगेच पाण्यात टाका, हवेत ठेवली की गुंडाळते. नखापेक्षा लहान तुकडा पुरे. मोठा तुकडा दुमडतो, मग दोन थरांच्या भिंती एकमेकींवर येऊन नुसती जाळी दिसते.

तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा आणि रंगासाठी आयोडीनचा एकच थेंब टाका. जास्त झालं तर सगळं तपकिरी होतं आणि केंद्रक त्यातच हरवतं. कव्हर स्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, वरून सपाट टाकली की हवा अडकते. एक कड पाण्याला टेकवून ती सुईच्या आधाराने तिरकी, हळूहळू खाली सोडा. जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा आहे. त्याला 'पेशी' समजून आकृती काढणारी मुलं दर वर्षी भेटतात.

४० पट मोठं दाखवणाऱ्या वस्तुभिंगाने (काचपट्टीकडच्या भिंगाने) सुरुवात कधीच करू नका. आधी कमी शक्तीचं भिंग लावा. बाजूने पाहत ते काचपट्टीजवळ आणा आणि मगच डोळा लावून मोठ्या स्क्रूने अंतर वाढवत जा. उलट केलं तर भिंग काचेवर आपटतं. मोठ्या भिंगावर गेल्यावर फक्त छोटा स्क्रू फिरवायचा. चित्र फिकट वाटलं तर उजेड वाढवण्याआधी डायफ्रॅम (काचपट्टीखालची उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद करून पाहा. आरसा थेट सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळ्याला इजा होते.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती चूक आकृतीतली आहे. पाठ्यपुस्तकात पेशीभित्तिकेच्या (पेशीच्या बाहेरच्या भिंतीच्या) आत पेशीपटलाची (तिला आतून लागून असलेल्या पातळ पडद्याची) वेगळी रेषा असते, म्हणून मुलंही ती काढतात. पेशीपटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड असतं. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे ती रेषा दिसलेली नसते, आठवलेली असते. हरितलवकांचंही तेच. कांद्याच्या या सालीत ती नसतात, तरी हिरव्या ठिपक्यांनी आकृती भरते.

पेशीपटल कुठे आहे हे खरंच पाहायचं असेल तर लाल कांदा घ्या. त्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूची साल काढा. ती जरा चिवट निघते, पण रंगद्रव्य लावायची गरजच नाही, रिक्तिकेतला (पेशीतल्या मोठ्या पिशवीतला) रस मुळातच गुलाबी-जांभळा असतो. कव्हर स्लिपच्या एका कडेला ८-१० टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. थोड्या वेळात पेशीतलं पाणी बाहेर पडतं, रंगीत भाग आकसून भिंतीपासून सुटतो, भिंत मात्र जागची हलत नाही. त्या आकसलेल्या भागाच्या बाहेरच्या कडेला पेशीपटल असतं. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला भित्तिका आणि पटल यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

केंद्रक नेहमी मधोमध काढायची सवयही सोडा. मोठ्या रिक्तिकेमुळे ते बहुधा भिंतीलगत सरकलेलं असतं. एखाद्या पेशीत मध्यभागी दिसलंच, तर ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं. छोटा स्क्रू किंचित फिरवला की कळतं.

आकृतीखाली विशालन लिहा: १० चं नेत्रभिंग आणि १० चं वस्तुभिंग म्हणजे १०० पट. नेत्रभिंगावर १८ हा क्षेत्रांक (फील्ड नंबर, म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास काढायला लागणारा आकडा; त्याला वस्तुभिंगाच्या आकड्याने भागायचं) असेल, तर या जोडीखाली दिसणारं वर्तुळ १.८ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या मधोमध एका ओळीत लांबीने सहा पेशी मावल्या, तर एक पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर लांब.