किडीने खाल्लेल्या पानांवरून हवामानाचा निष्कर्ष काढताना या चुका टाळा

उष्ण प्रदेशात किडी जास्त असतात म्हणून तिथल्या झाडांची पाने जास्त खाल्ली जातात, आणि थंड प्रदेशात किंवा उंच डोंगरावर किडी कमी असतात म्हणून तिथे नुकसान कमी होते, हे विधान इतके सहज पटते की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. उष्ण कटिबंधात सजीवांचे परस्परांशी असलेले संबंधच उत्क्रांतीला अधिक वळण देतात, असा विचार उत्क्रांतिशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी १९५० मध्ये मांडला आणि विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना पर्णभक्षण कमी होत जाते हे पुढे बऱ्याच जणांनी गृहीतच धरले. २०११ मध्ये अँजेला मोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांत हा कल आढळला. नियम पूर्णपणे खोटा आहे असा याचा अर्थ नाही. पण मी ज्या वह्या आणि तक्ते तपासतो त्यांत तोच नियम आधी लिहिलेला असतो आणि पाने नंतर मोजलेली असतात, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात.

एकच फेरी मारून पाने मोजणे

सर्वांत महागात पडणारी आणि तरीही सर्वांत लोकप्रिय चूक ही आहे. एक दिवस जायचे, प्रत्येक ठिकाणी काही फांद्या तोडायच्या, पानांवरील भोके मोजायची आणि टक्केवारी काढायची, एवढ्यात काम झाले असे समजले जाते. या पद्धतीत जे पान पूर्ण खाल्ले गेले ते मोजलेच जात नाही, कारण ते फांदीवर नसते. मार्गारेट लोमन यांनी ऑस्ट्रेलियातील वर्षावनांत पानांवर खुणा करून तीच पाने दीर्घकाळ पाहिली आणि १९८४ मध्ये दाखवून दिले की, एका वेळच्या तोडणीतून मिळणारे आकडे खुणा केलेल्या पानांच्या आकड्यांपेक्षा बरेच कमी भरतात. याला आता चार दशके उलटली, तरी घाई काही कमी झालेली नाही.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचा एक गट एका डोंगराचा पायथा आणि माथा यांची तुलना घेऊन माझ्याकडे आला होता. झाडाची जात एकच होती, पानांची संख्या भरपूर होती, आणि माथ्यावरील पाने पायथ्यावरील पानांच्या जवळजवळ दुप्पट खाल्लेली दिसत होती. उंचावर किडींना खाणारे पक्षी आणि मुंग्या कमी असतात, त्यामुळे अळ्यांना मोकळे रान मिळते, असे सुरेख स्पष्टीकरणही त्यांनी तयार ठेवले होते. मी एकच प्रश्न विचारला की, नुसते देठ किती सापडले? देठ कोणी पाहिलेच नव्हते, कारण त्यांना पाने गोळा करायला सांगितले होते आणि देठ म्हणजे काही पान नव्हे.

पुढच्या हंगामात पालवी फुटताच आम्ही दोन्ही ठिकाणी कळ्यांमधून बाहेर पडणाऱ्या पानांच्या देठांना रंगीत दोरा सैल बांधला आणि दर पंधरा दिवसांनी फेरी मारली. पायथ्याला पहिल्या तीन आठवड्यांतच खुणेच्या पानांपैकी बरीच पाने देठापर्यंत फस्त झाली, आणि जी वाचली ती लवकर जून होऊन चिवट झाल्यामुळे नंतर त्यांना फारसे कोणी तोंड लावले नाही. विद्यार्थ्यांनी आदल्या वर्षी तोडली होती ती हीच वाचलेली पाने. माथ्यावर पाने सावकाश उलगडत होती आणि दीर्घकाळ कोवळी राहत होती, त्यामुळे त्यांचे कडेकडेने थोडे थोडे कुरतडणे हंगामभर चालू राहिले. परंतु पान नाहीसे होण्याचे प्रसंग क्वचितच आले. हंगामाचा हिशेब मांडला तेव्हा पायथ्याचे नुकसान जास्त निघाले, म्हणजे आदल्या वर्षीचा निष्कर्ष नेमका उलटा होता. ते सुरेख स्पष्टीकरण वाया गेले याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

दोरा बांधताना माझी सवय अशी आहे की तार कधीही वापरायची नाही, कारण वाऱ्याने हलताना ती देठाला जखम करते आणि पान गळाल्यावर दोष किडीवर जातो. पान नाहीसे झालेले दिसले की आधी देठ पाहावा: दोऱ्यासह देठ टिकून असेल तर पान बहुधा खाल्ले गेले आहे; देठाच्या जागी फांदीवर स्वच्छ वण उरला असेल, तर ते गळून पडले आहे आणि त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते सोपे करण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

पानाचे वय न पाहणे

दोन प्रदेशांतील पानांची तुलना करताना एक पान तीन महिन्यांचे आणि दुसरे दोन वर्षांचे असेल, तर दुसऱ्यावर जास्त भोके असणारच. त्यात हवामानाचा थेट हात असेलच असे नाही. सदाहरित वृक्ष आणि पानझडी वृक्ष एकाच तक्त्यात ठेवणारे ही साधी गोष्ट विसरतात. नुकसान शोधायचे असेल तर प्रथम पान किती दिवस जगले हे लिहावे आणि नुकसान महिन्याच्या हिशेबाने मांडावे.

वयाचा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. पॉल फीनी यांनी ऑक्सफर्डजवळील वायथमच्या वनात ओक वृक्षांवर केलेले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले काम यासाठी वाचण्यासारखे आहे. वसंतात पान कोवळे असताना त्यात नत्र आणि पाणी भरपूर असते. पुढे पान कठीण होते, टॅनिन हे किडींना पचायला जड जाणारे तुरट द्रव्य वाढते आणि नत्र घटते, म्हणून हिवाळी पतंगाच्या अळ्यांना खाण्यासाठी फार थोडे दिवस मिळतात. हे दिवस केव्हा येतात आणि किती टिकतात हे हवामान ठरवते. झाडाची पालवी आणि अळ्यांचे अंड्यांतून बाहेर पडणे या दोन्ही गोष्टी उबेवर अवलंबून असल्या, तरी दोघांचा प्रतिसाद सारखा नसतो. मार्सेल व्हिसर आणि लिओनार्ड हॉलेमन यांनी नेदरलँड्समध्ये २००१ मध्ये दाखवले की, उबदार होत गेलेल्या वसंतात अळ्या ओकच्या पालवीपेक्षा लवकर बाहेर येऊ लागल्या होत्या, आणि पालवी न फुटलेल्या झाडावर नुकतीच जन्मलेली अळी फार दिवस तग धरू शकत नाही. उबदार वर्ष म्हणजे जास्त पर्णभक्षण, हे समीकरण त्यामुळे येथे सरळ लागू पडत नाही.

कोरड्या हंगामाच्या प्रदेशांत थंडीची जागा पाऊस घेतो. दक्षिण भारतातील मुदुमलाईच्या पानझडी जंगलात मुरली आणि रामन सुकुमार यांना १९९३ मध्ये असे आढळले की, ज्या झाडांना पावसापूर्वीच कोरड्या दिवसांत पालवी फुटते, त्यांची पाने पावसाबरोबर पालवी फुटणाऱ्या झाडांपेक्षा कमी खाल्ली जातात, कारण किडींची संख्या पावसानंतर वाढते आणि तोवर ही पाने जून झालेली असतात. सरासरी तापमान आणि वार्षिक पाऊस या दोन आकड्यांमध्ये यातील काहीही दिसत नाही. तरीही बहुतेक तक्त्यांत हेच दोन रकाने असतात, बहुधा ते घरबसल्या मिळतात म्हणून.

उंचीवरून तापमान काढणे

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते हे पाठ असल्यामुळे, एका दरीच्या अभ्यासात मी तळाच्या एकाच नोंदीवरून सर्व उतारांचे तापमान कागदावर काढले. उताराच्या मधल्या पट्ट्यातील झाडे अळ्यांनी पार खराट्यासारखी करून टाकली होती, आणि तळातील झाडे मात्र हिरवीगार होती. माझ्या तक्त्यानुसार तळ सर्वांत उबदार होता, म्हणून मी मातीचा, पक्ष्यांचा आणि शेवटी झाडांच्या वाणातील फरकाचा आधार शोधत बसलो. शेवटी एका सहकाऱ्याने हिवाळ्यात पहाटे माझ्याबरोबर चालून दाखवले: आम्ही दरीतून वर चढत गेलो तसतशी थंडी कमी होत गेली.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड थंड हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते आणि उंचीचा नियम तेवढ्यापुरता उलटा होतो. उत्तर स्कँडिनेव्हियातील पहाडी बर्च वृक्षांवर एपिरिटा ऑटम्नाटा या पतंगाचा साधारण दर दहा वर्षांनी उद्रेक होतो. या पतंगाची अंडी फांद्यांवरच हिवाळा काढतात आणि तापमान उणे ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले की मोठ्या प्रमाणावर मरतात. म्हणून तिथे दऱ्यांच्या तळातील बर्च हिरवे राहतात आणि वरच्या उतारांवरील झाडे निष्पर्ण होतात. माझ्या दरीत पतंग वेगळा होता, कारण तेच होते. तेव्हापासून तळ, मध्य आणि माथा अशा तिन्ही ठिकाणी तापमापक टांगल्याशिवाय मी उंचीविषयी एक ओळही लिहीत नाही. तापमापक सावलीत टांगावा हे वेगळे सांगायला नको होते, पण उन्हात तापलेल्या खोडाला बांधलेले तापमापक मी इतके पाहिले आहेत की सांगणे भाग आहे.

सरासरीवर भरवसा ठेवणे ही याच चुकीची धाकटी बहीण आहे. उत्तर अमेरिकेतील पर्वतीय पाइन भुंगेऱ्याच्या अळ्या ऐन हिवाळ्यात उणे ४० अंशांच्या जवळपासची थंडी येईपर्यंत तग धरतात, परंतु शरीरात गोठण्यापासून वाचवणारे ग्लिसरॉल साठण्यापूर्वी, म्हणजे शरदातच अचानक थंडी पडली, तर त्याहून बऱ्याच सौम्य तापमानातही मरतात. ब्रिटिश कोलंबियात या भुंगेऱ्याने एक कोटी ऐंशी लाख हेक्टरच्या आसपास जंगलाला झळ पोहोचवली, त्यामागे सौम्य हिवाळ्यांबरोबर त्याच्या सोयीच्या वयाचे पाइन वृक्ष अफाट प्रमाणात उभे असणे हेही कारण होते. वार्षिक सरासरीत यातले काहीच कळत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

फक्त भोके मोजू नका. रस शोषणाऱ्या किडी, पानाच्या आत बोगदे करणाऱ्या नागअळ्या आणि गाठी तयार करणाऱ्या किडी पानाचा आकार शाबूत ठेवूनही त्याचा कस काढून घेतात.

कोवळ्या पानावर पडलेले भोक पान वाढताना त्याच्याबरोबर मोठे होते, म्हणून जून पानातील भोकाचे क्षेत्रफळ म्हणजे अळीने खाल्लेले क्षेत्रफळ असे समजू नका.

फोटोवरून नुकसान काढणारे मोबाइल अॅप मधली भोके बऱ्यापैकी मोजते, पण टोक किंवा कड खाल्लेली असेल तर पानाची मूळ रेषा कुठे होती याचा केवळ अंदाज करते. मी अजूनही त्याच आकाराचे धडधाकट पान आलेखाच्या कागदावर गिरवून त्यावर खाल्लेले पान ठेवतो. नवशिक्यांना हे जुनाट वाटते, वाटो.

जे झाड खाल्लेले दिसते तेच मोजायला घेऊ नका. मिखाईल कोझलोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की, फांदी निवडणाऱ्याची अपेक्षाच नुकसानाचा आकडा फुगवते. मी झाडे आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवतो आणि फांद्या तोडण्याचे काम अभ्यासाचा उद्देश माहीत नसलेल्या माणसाकडे देतो.

दुष्काळ सर्वच किडींना लाभतो असे लिहू नका. पाण्याअभावी झाडाचा राळेचा बचाव कमजोर पडतो, त्यामुळे सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांचे फावते. मध्य युरोपात २०१८ च्या दुष्काळानंतर स्प्रूसवरील भुंगेऱ्यांनी हेच केले. शिवाय उबदार उन्हाळ्यात सखल भागात त्यांच्या दोन पिढ्या, कधी तिसरीही पूर्ण होते, तर उंचावर एकच. पाने चावणाऱ्या अळ्यांना मात्र कोरडे, चिवट पान बऱ्याचदा पचत नाही.

एका वर्षाच्या आकड्यांवरून प्रदेशाचा स्वभाव ठरवू नका. आल्प्स पर्वतातील लार्च वृक्षांवरील पतंगाचे उद्रेक शतकानुशतके साधारण आठ ते दहा वर्षांच्या अंतराने होत आले, त्यांच्या खुणा झाडांच्या वाढीच्या वलयांत बाराशे वर्षांपर्यंत मागे शोधता येतात, आणि १९८० च्या दशकात ही लय विस्कटली. दोन वर्षांच्या प्रकल्पात अशा जंगलात गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा चक्रातील शांत वर्षेच मिळतात.