गाडीच्या एसीचा कंडेन्सर घरी बदलताना

कंडेन्सर (पुढच्या बाजूची, एसीचा गरम गॅस थंड करणारी जाळी) बदलणं घरी जमतं, पण गॅस काढणं आणि भरणं मात्र एसीवाल्याकडच्या मशीनवरच करून घ्या, यात कंजुषी नको. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर १३४ए हा गॅस असतो, तो उणे २६ डिग्रीलाच उकळतो, त्यामुळे भरलेला पाइप ढिला केला तर बोटं, डोळे थंडीने भाजतात, शिवाय हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो.

गॅस काढून झाला की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पुढचा बंपर उतरवा (क्लिपा जपून, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं), पाइपांचे बोल्ट खोला आणि पाइपांची तोंडं लगेच प्लास्टिकने बंद करा. हे खरंच महत्त्वाचंय, कारण एसीचं पॅग ऑइल (कंप्रेसरला वंगण देणारं तेल) हवेतली ओल शोषून घेतं, त्यात आपला पावसाळा, आणि ओल आत गेली की ॲसिड तयार होऊन कंप्रेसर खराब होतो. म्हणूनच रिसीव्हर ड्रायरही (आतली ओल शोषणारी डबी) नवाच टाका, काही गाड्यांत तो कंडेन्सरलाच जोडून येतो. ओ-रिंग (पाइपांच्या जोडातल्या रबरी रिंगा) एसीच्याच घ्या, तेलाचं बोट फिरवून बसवा. ऑइलचा ग्रेड आणि माप मॅन्युअलमधूनच, अंदाजपंचे नको. इलेक्ट्रिक कंप्रेसरवाल्या हायब्रिडमध्ये पॅग चुकूनही घालू नका, तिथे सहसा पीओई हे वेगळं ऑइल लागतं.

मग परत एसीवाल्याकडे: निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं), पंप बंद केल्यावर गेजचा काटा हलता कामा नये, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून.