कोचीला दोन दिवसांसाठी जाताय? आधी या चुका टाळा

ऑफिसात दर दिवाळीच्या आधी कोणीतरी येतंच, "कोचीला चाललोय, दोन दिवस आहेत, मुन्नार पण होईल ना?" नाही होणार. कोची ते मुन्नार साधारण 130 किलोमीटर आहे आणि त्यातला बराच भाग घाट, जायला चार तास, यायला चार तास, मग चहाचे मळे काय गाडीच्या काचेतून बघणार? विषय संपला.

पण सगळ्यात जास्त लोक गंडतात ते वाराच्या बाबतीत. आपण शुक्रवारची सुट्टी टाकून शुक्र-शनि-रवि जातो, आणि नेमकं मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद असतं. त्याला लागूनच असलेलं 1568 चं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, कारण त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, आणि तो शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो म्हणून शुक्रवारी दुपारपासूनच दार लागतं. हे मला आता पाठ आहे, कारण मी आपटलोय.

झालं असं, की प्लॅन माझ्या मेव्हण्याने केलेला, एक्सेलमध्ये, प्रत्येक स्पॉटला 45 मिनिटं. शुक्रवारी दुपारी फोर्ट कोचीत, म्हणजे शहराच्या जुन्या भागात उतरलो, रिक्षावाल्याला पॅलेस म्हटलं तर तो म्हणाला आज बंद आहे, चला मसाल्याचं दुकान दाखवतो. मेव्हणा हसला. म्हणाला, भाऊजी, हे सगळे असंच सांगतात, दुकानात कमिशन असतं यांना, आपण चालत जाऊ. कमिशन असतं हे खरंच आहे, तिथले रिक्षावाले दुकानात थांबवतातच. म्हणून आम्ही दोघं आणि आमच्या मागे छत्री धरून बायको आणि सासूबाई, दुपारी दोनच्या उन्हात, अंगाला चिकटलेल्या जीन्समध्ये अडीचेक किलोमीटर चालत गेलो. गेटला कुलूप. पलीकडे सिनेगॉग, तेही बंद. आणि तोच रिक्षावाला समोर उभा, काही बोलला नाही, फक्त मीटरवरचं फडकं झटकलं. सासूबाई गपचूप मागच्या सीटवर जाऊन बसल्या. वेलदोडे घेतले अर्धा किलो, अजून डब्यात आहेत.

तेव्हापासून माझा नियम असा, की मट्टनचेरी रविवारी. पॅलेस आणि सिनेगॉग दोन्ही उघडी असतात, पॅलेसमधली रामायणाची भित्तिचित्रं निवांत बघा. सेंट फ्रान्सिस चर्च मात्र रविवारी सकाळी प्रार्थना असते म्हणून शुक्रवार-शनिवारी उरकायचं. तिथे वास्को द गामाची कबर म्हणून फोटो काढायला रांग असते, पण तो 1524 मध्ये कोचीत वारला, तिथे पुरला आणि नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे आत कोणी नाही. तरी निघायच्या आधी वेळा एकदा चेक करा, माझ्यावर विसंबू नका.

दुसरी चूक पावसाची. आपल्याकडे नवरात्र संपलं की छत्र्या माळ्यावर जातात, म्हणून दिवाळीत केरळ म्हणजे कोरडं असं लोक धरून चालतात. तिथे पाऊस दोनदा येतो. एक आपला जूनवाला, आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा, ज्याला ते तुलावर्षम् म्हणतात. त्याची सवय ठरलेली असते, सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग भरून येतात आणि संध्याकाळी गडगडाटासकट धो धो. म्हणजे "सनसेटला मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी जाऊ" हा प्लॅन त्या महिन्यात मला तरी जुगार वाटतो. मी सकाळी साडेसहाला जातो. मोठ्या दगडांच्या वजनावर ती जाळी वर येते, चार-पाच जण दोऱ्या ओढत असतात, आणि तुम्हाला हात लावायला बोलावलं तर समजा की पैसे द्यायचेत, तेव्हा आधीच विचारा. दुपार म्युझियमसाठी ठेवा नाहीतर झोपा. जीन्स नेऊ नका, वाळत नाही.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पोहायचा विचार सोडा, पाण्यात कितीदा जलपर्णी तरंगत असते. पोहायचं तर चेराईचा किनारा.

एर्नाकुलमवरून, म्हणजे शहराच्या मुख्य भूमीवरच्या भागातून, फोर्ट कोचीला टॅक्सी का करता हे मला आजवर कळलेलं नाही. बाकीचं शहर पाण्यापलीकडे आणि बेटांवर पसरलंय, रस्ता पूल-पूल करत वळसा घेतो, सरकारी बोट किरकोळ पैशात वीसेक मिनिटांत सोडते. 2023 ला सुरू झालेली वॉटर मेट्रो, म्हणजे एसीवाली बोट, तीही 2024 पासून फोर्ट कोचीला जाते, ती आवडत असेल तर ती. रात्रीची शेवटची बोट कितीची ते जेट्टीवर उतरल्या उतरल्या विचारायचं, जेवून झाल्यावर नाही.

देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, लाजू नका. भात जाडा उकडा असतो, कोकणातल्यांना गोड लागेल, बाकीच्यांनी कुरकुर करू नये.

आणि परतीचं तिकीट नीट वाचा. एर्नाकुलमला जंक्शन म्हणजे साउथ आणि टाउन म्हणजे नॉर्थ, दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि रिक्षावाला फक्त "साउथ की नॉर्थ" एवढंच विचारतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं लागतं तेही बघा, सुटायची वेळ बदललेली असू शकते.

मेव्हण्याने परवा गोव्याची एक्सेल पाठवलीय. पणजी, दूधसागर आणि गोकर्ण, दोन दिवसांत. अजून उघडली नाहीये मी.