अस्तित्ववादी थेरपी शिकायची असेल तर: पुण्यातल्या नवोदितांसाठी

अस्तित्ववादी मानसोपचाराकडे, म्हणजे मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण, अर्थ अशा जगण्याच्या मूळ प्रश्नांवर काम करणाऱ्या थेरपीकडे, वळणारे बरेच विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या ओढीनं येतात. किर्केगार्द, हायडेगर, सार्त्र थोडेफार वाचलेले असतात. ओढ चांगलीच आहे, पण क्लायंटसमोर तिचा थेट उपयोग फार थोडा होतो. समोरच्या माणसाला मृत्यूवर व्याख्यान नको असतं. त्याला रोज पहाटे तीनला जाग येते, आणि त्या जागेपणी नेमकं काय होतं हे कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं असतं.

त्यामुळे आधी क्लिनिकल पाया. या शाखेचा इतिहासही तेच सांगतो. लुडविग बिन्सवांगर, मेडार्ड बॉस, व्हिक्टर फ्रँकल हे तिघंही मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर होते. मुख्यतः बॉस यांच्या झुरिकजवळच्या झोलिकोनमधल्या घरी हायडेगरनी १९५९ ते १९६९ या काळात चर्चासत्रं घेतली, तीही प्रामुख्यानं डॉक्टरांसाठी. तत्त्वज्ञानाच्या वाटेनं आलेल्या अस्तित्ववादी थेरपिस्ट एमी व्हान डर्झन यांनीही पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण घेतलं.

पुण्यात मानसशास्त्राचं एम.ए. करता येतं, पण ती फक्त सुरुवात. बहुतेक अभ्यासक्रमांत अस्तित्ववाद मानवतावादी पद्धतींच्या शेजारी थोडक्यात उरकलेला असतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, साध्या एम.ए.वर ती मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः तपासा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, ससून, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणारं मुक्तांगण अशा ठिकाणी निरीक्षणाची संधी मिळते का, हे विचारून पाहा. सायकोसिस (वास्तवाशी संपर्क सुटणं), बायपोलर (मनःस्थितीची टोकाची चढ-उतार) आणि व्यसन जवळून न पाहता ‘अर्थाचा शोध’ हाताळायला बसणं धोक्याचं आहे.

पद्धतीचा गाभा फेनोमेनॉलॉजीतून, म्हणजे अनुभव जसा येतो तसाच पाहण्याच्या तत्त्वज्ञानातल्या पद्धतीतून, येतो. आपले अंदाज बाजूला ठेवायचे. क्लायंटनं सांगितलेल्या अनुभवाचं स्पष्टीकरण न देता वर्णन करायला मदत करायची. आणि कुठला तपशील महत्त्वाचा हे आधीच ठरवायचं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९८० मध्ये मांडलेले चार मूलभूत प्रश्न, म्हणजे मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थशून्यता, पाठ असावेत. पण ते क्लायंटच्या बोलण्यात शोधत बसलात तर नक्की सापडतील, आणि माणूस निसटेल.

एक नमुना घ्या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा एकतीस वर्षांचा मुलगा, एमपीएससीची मुख्य परीक्षा दोनदा देऊन झालेली. तो म्हणतो, “सर, काही सुचतच नाही.” नवा थेरपिस्ट इथे हमखास पर्याय मोजू लागतो: क्लासमध्ये शिकव, खासगी नोकरी बघ. नाहीतर धीर देतो, नाहीतर तुकोबांचा अभंग पुढे करतो. तिन्हीनं मुलगा मान डोलावतो आणि गप्प होतो, कारण हे सगळं त्याला चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं.

त्याऐवजी विचारा, “सुचत नाही तेव्हा तुम्ही कुठे असता?” अभ्यासिकेत, पुस्तक उघडं. “अंगात कुठे जाणवतं?” पोटात. “आजूबाजूला कोण असतं?” बावीस-तेवीसची पोरं. “ती तुमच्याशी कशी बोलतात?” इथे तो थांबतो, मग सांगतो की ती ‘दादा’ म्हणतात, नोट्स मागतात, उत्तरं तपासून घेतात. “आणि गावी?” “गावी कोण विचारतंय? नापास झालेला पोरगा.” परीक्षा सोडणं म्हणजे त्याच्यासाठी ‘दादा’ असणं सोडणं, हे आता त्याच्याच तोंडून बाहेर आलं. पुढचा अटेम्प्ट देत राहणं हीसुद्धा एक निवड आहे, हे त्याला इथून पुढे दिसू शकतं. पहिल्याच सेशनला तुम्ही ते सांगितलं असतंत तर तो आरोप वाटला असता.

स्वातंत्र्याबद्दल आणखी एक. ‘निवड तुमची आहे’ हे वाक्य आपल्या घरांत फार पोकळ वाजतं. जमीन, वडिलांचं कर्ज, बहिणीचं लग्न हे सगळं त्या निवडीत गुंतलेलं असतं. कर्ज किती आहे आणि हप्ता कोण भरतं, हा प्रश्न विचारणं हेही थेरपीचंच काम आहे. परिस्थितीतलं काय बदलत नाही हे स्पष्ट झाल्यावरच, तिच्यापुढे कसं उभं राहायचं हे बोलता येतं.

‘जगण्यात काही अर्थ नाही’ हे वाक्य ऐकलं की तत्त्वचर्चा बंद. आत्महत्येचा विचार येतो का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का, आज रात्री सोबत कोण आहे, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर सायकियाट्रिस्टकडे पाठवा. औषधं आणि ही थेरपी एकत्र व्यवस्थित चालतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक क्लायंटच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा: जिवाला धोका असेल तर, आणि अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार कळला तर. दुसऱ्या बाबतीत पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे.

सेशन पन्नास मिनिटांचं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. सुरुवातीला दर पाच-सहा सेशनमागे एक तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपल्या कामाची तपासणी, ठेवा. पैसे वाचवायला इथे कात्री लावू नका. स्वतःची थेरपीही घ्या. आपल्याच मृत्यूचा विषय टाळणारा थेरपिस्ट क्लायंटचाही नकळत टाळतो. सरावासाठी, लेखी परवानगी घेऊन दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा, शब्दन् शब्द उतरवा आणि आपले ‘का’नं सुरू होणारे प्रश्न अधोरेखित करा. ‘का’ विचारलं की माणूस सफाई देऊ लागतो. तोच प्रश्न ‘केव्हा’, ‘कुठे’, ‘कसं’ लावून पुन्हा लिहा. काही आठवड्यांत कान बदलतो.

शेवटच्या सेशनची तयारी किमान तीन सेशन आधी सुरू करा, कारण संपणं हा या थेरपीचाच विषय आहे. पेठांतल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अवघड जातं: निकाल लागतो, खोली रिकामी होते आणि मुलगा न सांगता गावी जातो. म्हणून पहिल्याच भेटीत निकाल साधारण केव्हा अपेक्षित आहे ते विचारून वहीत लिहा, आणि त्यानंतरच्या आठवड्यातली एक वेळ, निकाल काहीही लागो, आजच ठरवून टाका. गावाहून फोनवर बोलायचं झालं तरी चालेल, हेही तेव्हाच सांगा.