स्वतःचे विचार तपासताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. सराव पेपर झाला की प्रत्येकाला विचारतो, "हा प्रश्न का चुकला?" उत्तर तयारच असतं, "सर, घाई झाली." मुलं खोटं बोलत नाहीत. काय घडलं ते त्यांना स्वतःलाच दिसलेलं नसतं, आणि माझा प्रश्नही चुकीचा होता.

"का?"चं पहिलं उत्तर खरं मानणं

मला ही सगळ्यांत मोठी चूक वाटते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक लेख लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात दुकानात लांब पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडून लोकांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितलं होतं. चारही जोड तंतोतंत सारखे. तरी सर्वांत उजवीकडच्या जोडाला सर्वांत डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारल्यावर मात्र जागेचं नाव कुणीच घेतलं नाही. जागेमुळे निवडला असेल का, असं थेट विचारलं तेव्हाही जवळपास सगळ्यांनी ते उडवून लावलं. निर्णय आपल्याला कळतो. तो कुठल्या वाटेनं आला ते बऱ्याचदा कळत नाही. मग आपण पटेल असं कारण शोधतो आणि तेच आठवलं असं समजतो.

"घाई झाली" हे त्यातलंच. एका मुलीला मी चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायला दिले आणि म्हणालो, "कारणं देऊ नकोस, डोक्यात येईल ते फक्त मोठ्यानं बोलत राहा." "योग्य नसलेले विधान ओळखा" हे तिनं तीन वेळा "योग्य विधान ओळखा" असं वाचलं. पेपरात तिच्याकडे वेळ उरला होता. घाईचा संबंधच नव्हता! अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० साली हाच भेद मांडला होता: काम चालू असताना मनात आहे ते बोलणं बरंच भरवशाचं असतं, पण कारण विचारलं की माणूस अंदाज बांधू लागतो. तेव्हापासून मी "का" सोडून "काय चाललं होतं" असं विचारतो.

रात्री आठवून लिहिणं

विचार पकडायला जावं तर तो बदलतो. अंधार कसा दिसतो ते पाहायला झटकन दिवा लावण्यासारखंच हे, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच म्हटलंय. उपाय साधा आहे. त्याच क्षणी पानाच्या कडेला एक शब्द लिहा: "अंदाज", "कंटाळा", "खात्री". रात्रीच्या डायरीपेक्षा हा शब्द जास्त खरं सांगतो.

"समजलं" या भावनेवर विसंबणं

धडा वाचून लगेच "येतंय" वाटतं, कारण मजकूर अजून डोक्यात ताजा असतो. थोड्या वेळानं स्वतःला विचारलं तर अंदाज कितीतरी अचूक येतो, हे डनलॉस्की आणि नेल्सन यांनी १९९१ साली दाखवलं. मी मुलांना सांगतो, अजिंक्यताऱ्यावर चढून या, मग पुस्तक न उघडता मला समजावून सांगा. निम्मं तिथंच अडतं, आणि नेमकं काय येत नाही तेही तिथंच कळतं.

घोळवत बसण्याला आत्मपरीक्षण समजणं

"मीच असा का?" हे शंभरदा मनात फिरवणं म्हणजे निरीक्षण नाही. अशा घोळवण्यानं उदासी लांबते, हे सुसान नोलन-होक्सेमा यांच्या संशोधनातून पुढे आलं. इथं मला शेजारचा सज्जनगड आठवतो. समर्थ मनाच्या श्लोकांत "मना" अशी हाक मारून बोलतात. त्यांचा हेतू भक्तीचा होता, पण ती हाक मनाला समोर बसवते. एथन क्रॉस आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये आढळलं की ताणाच्या प्रसंगाआधी "मी"ऐवजी स्वतःचं नाव किंवा "तू" वापरून बोलणाऱ्यांचा त्रास कमी होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हे जरूर करून पाहा.

आणि झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर वही बाजूला ठेवा. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.